हे की ते? माणसे जवळून ओळखण्यासाठी पेचाचे प्रश्न कसे घडवावेत आणि कसे विचारावेत

कोजागरीच्या रात्री गच्चीवर दुधाचे पातेले चढवले, की ते आटून त्यात केशर-जायफळ पडेपर्यंत दीड-दोन तास मोकळे मिळतात. आमच्या इमारतीत भेंड्या संपल्या की हा वेळ पेचाच्या प्रश्नांना दिला जातो; मुलांनी त्या खेळाला ‘हे की ते’ असे नाव दिले आहे. दोनच पर्याय, दोन्ही हवेसे किंवा दोन्ही नकोसे, आणि त्यांतला एक निवडायचाच, एवढाच नियम. एकाच जिन्याने पंधरा-पंधरा वर्षे चढउतार करणाऱ्या माणसांना एकमेकांच्या गाडीचा क्रमांक आणि कामावर जाण्याची वेळ पाठ असते. परंतु शेजारचे काका कशाला घाबरतात किंवा समोरच्या काकूंना कशाची हुरहूर लागते, हे त्या रात्रींपूर्वी आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. हा खेळ मी घरी, निवासी शिबिरांत आणि कार्यालयाच्या सहलींत अनेकदा घेतला आहे. प्रश्न कसा घडवावा, कोणत्या क्रमाने विचारावा आणि उत्तर कसे ऐकावे, हे त्या अनुभवाच्या आधारे येथे क्रमाने मांडतो.

उत्तर गौण, कारण मुख्य

महाभारताच्या वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला अनेक प्रश्न विचारतो आणि शेवटी म्हणतो, की निष्प्राण पडलेल्या चार भावांपैकी एकालाच उठवीन, कोणाला उठवू ते सांग. युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. यक्षाला आश्चर्य वाटते. भीमासारखा बलाढ्य आणि अर्जुनासारखा धनुर्धर भाऊ सोडून सावत्र भाऊ का, असे तो विचारतो. तेव्हा युधिष्ठिर सांगतो, की कुंतीचा एक मुलगा, म्हणजे मी, जिवंत आहे. तसाच माद्रीचाही एक मुलगा जिवंत राहावा. नुसत्या ‘नकुल’ या शब्दावरून युधिष्ठिराविषयी काहीच कळत नाही. दोन मातांना एका मापाने तोलणारा माणूस दिसतो तो पुढच्या वाक्यात, आणि ते वाक्य यक्षाने ‘का’ असे विचारले म्हणूनच बाहेर पडले.

हा खेळ घेणाऱ्याने हे एवढे मनात पक्के करावे. किती जणांनी कोणता पर्याय निवडला याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. प्रश्न ही केवळ दाराची कडी आहे.

पसंती वेगळी, पेच वेगळा

‘उकडीचे मोदक की पुरणपोळी?’ हा पेच नव्हे. ही पसंती झाली. समोरचा एका शब्दात उत्तर देतो आणि बोलणे तिथेच संपते. पेच तयार व्हायला प्रत्येक पर्यायाला काही किंमत चिकटवावी लागते. तोच प्रश्न असा करून पाहावा: वर्षभर हवी तेव्हा पुरणपोळी मिळेल, पण तिच्यावर तुपाचा थेंबही पडणार नाही, किंवा वर्षातून एकदाच, होळीला मिळेल, पण आईच्या हातची आणि वरून तुपाची धार सोडलेली. आता बोलणे खाण्याचे राहत नाही. थोडे पण रोज हवे असणारी माणसे आणि एका दिवसासाठी वर्षभर वाट पाहणारी माणसे आपोआप वेगळी होतात, आणि प्रत्येकाला आपली बाजू समजावून सांगावीशी वाटते.

दोन्ही बाजूंचे वजन सारखे असणे ही दुसरी अट, आणि ती कशी पाळावी हे वेताळाकडून शिकावे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील कथासरित्सागरात वेताळाच्या ज्या गोष्टी आहेत, त्यांतली एक अशी: एका तरुणीवर तिघांचे प्रेम असते आणि ती अकाली मरते. एक जण स्मशानातच तिच्या राखेजवळ राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेत नेतो, तिसरा देशोदेशी फिरून मृताला उठवणारा मंत्र मिळवून आणतो. मंत्राने ती जिवंत होते. मग ती कोणाची पत्नी? राजा सांगतो, की जीव देणारा पित्याच्या जागी, अस्थी नेणारा पुत्राच्या जागी, आणि तिच्या राखेची सोबत न सोडणारा तोच तिचा पती. हे उत्तर आपल्याला पटो वा न पटो, तिघांचाही हक्क खरा वाटावा अशा रीतीने ती गोष्ट रचलेली आहे, आणि म्हणूनच इतक्या शतकांनंतरही ऐकणारा मनातल्या मनात बाजू घेतो.

प्रश्न तोलून कसा घ्यावा

येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक खेळ फसतो तो याच ठिकाणी.

एका शिबिरात मी विचारले होते, ‘गावी राहून कमी पगाराची नोकरी, की शहरात जास्त पगाराची?’ वीसपैकी सतरा जणांनी गाव निवडले आणि पाच मिनिटांत विषय संपला. त्या उत्तरांनी मला कोणाविषयीही काही सांगितले नाही, कारण गाव निवडणे बोलायला सोपे होते. ‘कमी’ आणि ‘जास्त’ हे शब्द कोणालाच बोचत नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी आकडे घालून मांडला: गावी महिना २५ हजार रुपये, राहायला स्वतःचे घर, अंगणात आंब्याचे झाड, पण मुलांची चांगली शाळा आणि दवाखाना १८ किलोमीटरवर, पुण्यात महिना ६० हजार, त्यातले २० हजार घरभाड्याचे, शाळा चालत पाच मिनिटांवर, पण रोज दोन तास जाण्यायेण्यात. या वेळी गट जवळजवळ मधोमध फुटला. एका मुलाने सांगितले, की लहानपणी त्याच्या बहिणीला ताप चढला असता पावसात दवाखान्यापर्यंत पोहोचायला रात्र गेली होती, त्यामुळे आंब्याच्या झाडापेक्षा त्याला तो दवाखानाच आधी दिसला. आदल्या दिवशी याच मुलाने हसत हसत गाव निवडले होते.

यातून प्रश्न घडवण्याची रीत अशी निघते. आधी एक खरी ओढाताण शोधावी, जशी मोकळेपणा आणि सुरक्षितता यांच्यात असते, किंवा कौतुक आणि शांतता यांच्यात. मग ती घरातल्या, रस्त्यावरच्या, बाजारातल्या वस्तूंत उतरवावी; ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वापरू नये, खोलीची किल्ली दाखवावी. त्यानंतर प्रश्न दोन-तीन जणांवर आधी वापरून पाहावा. सर्वांनी एकच बाजू घेतली, तर हलक्या पारड्यात थोडे वजन घालावे किंवा जड पारड्यातून काढावे आणि पुन्हा विचारावे. ऐकणाऱ्याने ‘अरे देवा’ म्हणून क्षणभर डोळे मिटले, की प्रश्न जमला असे समजावे. पळवाटाही आधीच बुजवून ठेवाव्यात, कारण प्रत्येक गटात दोन्ही दगडांवर पाय ठेवू पाहणारा एक जण असतोच आणि ‘मी गावी राहून घरूनच काम करीन’ असे तो म्हणणारच. अशा वेळी चिडू नये. ‘तो रस्ता आज बंद आहे’ एवढेच प्रेमाने सांगून प्रश्न पुन्हा वाचावा.

क्रम: हलके आधी, खोल नंतर

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना ३६ प्रश्न दिले. प्रश्नांचे तीन संच होते आणि प्रत्येक संच आधीच्यापेक्षा अधिक खासगी होता. सुमारे ४५ मिनिटांनंतर या जोड्यांना, केवळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटली. ते प्रश्न पेचाचे नव्हते, पण त्यांतल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. खोली हळूहळू वाढवावी ही एक, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यावे ही दुसरी. स्वतः उत्तर न देता फक्त विचारत राहणारा माणूस चौकशी अधिकाऱ्यासारखा वाटू लागतो.

सुरुवातीला हसू येईल असे प्रश्न घ्यावेत. पावसाळी सहलीच्या बसमध्ये मी नेहमी हा विचारतो: ताम्हिणी घाटात खिडकीची जागा, पण काच बंद होत नाही आणि बाहेर मुसळधार पाऊस, की मधली कोरडी जागा, जिथून समोरच्याच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही? लहान मुले असतील तर त्यांना विचारावे: अदृश्य होता येईल, पण फक्त स्वतःच्या घरात, की उडता येईल, पण जमिनीपासून गुडघ्याएवढ्याच उंचीवर? मुले यावर अर्धा तास सहज वाद घालतात. सर्व माणसांच्या भाषा बोलता येणे की सर्व प्राण्यांची भाषा नुसती समजणे, हा प्रश्न कोणत्याही वयाला चालतो.

मधल्या टप्प्यात स्वभाव दिसावा. कोणी आपल्याशी खोटे बोलले तर ते लगेच कळेल, पण ते विसरता येणार नाही. की कधीच कळणार नाही आणि मन शांत राहील? पंगतीत सर्वांना आग्रहाने वाढून शेवटी एकटे जेवायला बसणे, की पहिल्या पंगतीत मानाने बसून उष्टी काढणाऱ्यांकडे पाहत राहणे? हा दुसरा प्रश्न मी एकदा एका लग्नघरात विचारला, आणि वाढपाची सवय असलेल्या एका काकांनी सांगितले, की शेवटी जेवायला बसल्यावर जी निवांत गप्पांची पंगत होते, तिच्यासाठीच ते वाढायला उभे राहतात.

खोल प्रश्न शेवटी आणि मोजकेच असावेत. एका बैठकीला दोन पुरतात. कोकणातल्या माणसांना मी हा विचारतो: गावचे आजोबांचे घर जसेच्या तसे उभे राहील, पण त्याला कायम कुलूप असेल, की ते परक्याला विकले जाईल, पण त्यात रोज दिवा लागेल आणि मुले खेळतील? हा प्रश्न विचारल्यावर पुढचा अर्धा तास दुसरे काही ठेवू नये.

विचारताना: मुठीतला शेंगदाणा

आपल्या घरांत थोरांचा मान राखण्याची जी रीत आहे, ती या खेळात आड येते. आजोबांनी उत्तर दिले की मुलगे तेच म्हणतात, सून गप्प राहते आणि नातवंडे चुळबुळ करतात. कार्यालयात साहेबांच्या उत्तराचेही तेच होते. ‘मोकळेपणाने बोला’ असे सांगून ही अडचण जात नाही. तिला काही युक्तीच लागते. आम्ही प्रत्येकाला एकेक शेंगदाणा देतो. पहिला पर्याय निवडला असेल तर शेंगदाणा उजव्या मुठीत ठेवायचा, दुसरा निवडला असेल तर रिकामी मूठ, आणि ‘उघडा’ म्हटल्यावर सर्वांनी एकदम मुठी उघडायच्या. एकदा हातातला दाणा सर्वांना दिसला, की मत बदलता येत नाही. बोलण्याची सुरुवात मात्र सर्वांत लहान माणसापासून करावी.

प्रश्न सावकाश, दोनदा वाचावा आणि त्यानंतर स्वतः गप्प बसावे. ही शांतता यजमानाला अवघड वाटते आणि ती भरून काढण्यासाठी तो स्वतःच उदाहरणे देऊ लागतो, तेवढे टाळावे. प्रत्येकाला एकदा कारण न सांगता प्रश्न सोडून देण्याची मुभा आहे, हे खेळापूर्वीच जाहीर करावे. या मुभेचा उपयोग फारसा कोणी करत नाही, पण ती आहे हे माहीत असल्याने माणसे निर्धास्त होतात.

उत्तर ऐकताना

नुसते ‘का?’ असे विचारले तर मराठीत ते पुष्कळदा उलटतपासणीसारखे वाजते. त्याऐवजी ‘ठरवताना आधी डोळ्यांसमोर काय आले?’ असे विचारावे. माणूस मग तत्त्व सांगत नाही, आठवण सांगतो. दुसरा उपयोगी प्रश्न म्हणजे ‘काय बदलले तर तुम्ही दुसरी बाजू घ्याल?’ काठावरचा माणूस आणि ठाम माणूस यांतला फरक यावरून कळतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की समोरच्याच्या उत्तराचा धागा धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसे त्याला अधिक आवडतात. याचे नवल वाटू नये, कारण असा प्रश्न विचारायचा तर आधीचे उत्तर खरोखर ऐकलेले असावे लागते.

एका कोजागरीला मी हा प्रश्न मांडला होता: तुमच्या आईच्या हातचा कोणताही एक पदार्थ तंतोतंत तसाच पुन्हा खायला मिळेल, की तिचा आवाज फक्त एक मिनिट ऐकायला मिळेल? बहुतेकांनी पदार्थ निवडला. कोणी अळूचे फदफदे म्हणाले, कोणी खापरावरचे मांडे. तळमजल्यावरच्या आजींची मूठ रिकामी होती. त्यांचे वय तेव्हा ७८ होते. डोळ्यांसमोर काय आले, असे विचारल्यावर त्या पदराशी थोडा वेळ चाळा करत राहिल्या आणि म्हणाल्या, “आईचं सगळं रांधणं माझ्या हातात आलंय, ते काही गेलं नाही. पण मला एकेरीत हाक मारणारं आता कुणी उरलं नाही.” त्यानंतर कोणी काही बोलले नाही. पातेल्यातले दूध ढवळणाऱ्या मुलाचा डावही थांबला होता. अशा वेळी सांत्वन करण्याची, विषय बदलण्याची किंवा ‘तुम्ही तर आमच्या सगळ्यांच्या आई’ असे काही म्हणण्याची घाई करू नये. आम्ही एवढेच विचारले, की आई त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत असे. आजींनी ते नाव सांगितले आणि मग पाऊण तास माहेरच्या गोष्टी सांगितल्या.

माणसे पाहून प्रश्न

लग्नाच्या दृष्टीने प्रथमच भेटणाऱ्या दोघांनी ‘नोकरी की घर?’ असले प्रश्न पेच म्हणून विचारू नयेत. ती आडवळणाने घेतलेली मुलाखत होते आणि समोरच्याला ते लगेच कळते. त्याऐवजी रोजच्या जगण्यातले पेच घ्यावेत. भांडण झाले तर पहाटेपर्यंत जागून त्याच रात्री मिटवायचे, की झोप पुरी करून सकाळी बोलायचे, पण ती रात्र अबोल्यात काढायची? अचानक हाती आलेल्या पैशांत छताची गळती बंद करायची आणि कुठेही न जाता पावसाळा काढायचा, की चार दिवस फिरून येऊन घरात बादल्या लावायच्या? या दोन प्रश्नांत संसाराविषयी जेवढे कळते तेवढे छंदांची यादी विचारून कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यालयात नव्या सहकाऱ्यांसाठी असा प्रश्न चालतो: आपली चूक वरिष्ठांनी सर्वांसमोर पण लगेच सांगावी, की एकट्याला बोलावून, पण आठ दिवसांनी? उत्तर लक्षात ठेवले तर पुढे वर्षभर उपयोगी पडते.

परदेशातली नातवंडे आणि येथले आजी-आजोबा यांचे व्हिडिओ कॉलवरचे बोलणे ‘जेवलास का?’, ‘अभ्यास कसा चाललाय?’ यांच्या पुढे सरकत नाही, ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. त्यांनी दर खेपेला एकच पेच ठेवावा: तुझ्याकडचा बर्फ एक दिवस आमच्या अंगणात, की आमचा पाऊस एक दिवस तुझ्या शाळेत? पुढच्या खेपेचा प्रश्न नातवाने आणायचा. मुलाचे मराठी मोडकेतोडके असले तरी बाजू मांडण्याच्या भरात ते वाहू लागते.

काय टाळावे

जो माणूस समोर बसला आहे, त्याला कधीही पारड्यात घालू नये. ‘आई आणि बायको दोघी बुडत असतील तर कोणाला वाचवाल?’ हा प्रश्न गंमत म्हणून सर्रास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर कोणीतरी वर्षानुवर्षे मनात ठेवते. यक्षाच्या पेचात पारड्यांत भाऊच होते हे खरे. पण ते ऐकत नव्हते. आवडते मूल, दोन सुनांची तुलना, जात, पगाराचा खरा आकडा, घरातले ताजे आजारपण किंवा मृत्यू हेही वर्ज्य समजावे. तसेच नुसते जीवनमरणाचे पेच घेऊ नयेत. सुटलेली ट्राम पाच जणांवर जाऊ द्यायची की वळवून एकावर, हा फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये मांडलेला प्रसिद्ध पेच नीतिविचारांची तपासणी करण्यासाठी उत्तम आहे. माणूस ओळखायला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती ट्राम कोणाच्याच आयुष्यातून गेलेली नसते.

उत्तरांची नंतर थट्टा करू नये, आणि तेथे नसलेल्यांना ती सांगूही नयेत.

केव्हा थांबावे आणि पुढे काय करावे

आठ-दहा प्रश्न पुष्कळ झाले. ‘आणखी एक’ अशी मागणी होत असतानाच खेळ आवरता घ्यावा, आणि शेवटचा प्रश्न पुन्हा हलका ठेवावा, म्हणजे माणसे जड मनाने उठत नाहीत. घरी गेल्यावर, ऐकलेल्या कारणांपैकी एखादे तरी टिपून ठेवावे, कारण ते वापरण्याची संधी लवकरच येते. ताम्हिणीच्या त्या सहलीत भिजण्याची तयारी ठेवून खिडकी निवडणारा एक अबोल सहकारी होता. परतीच्या वेळी दोघांनी त्याच्यासाठी खिडकीची जागा आधीच धरून ठेवली होती.

तळमजल्यावरच्या आजींच्या मुलाने त्या कोजागरीनंतर पंधरवडाभर चौकशी करून त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीचा मिरजेचा फोन क्रमांक मिळवला. दर गुरुवारी दुपारी आता तो फोन येतो. आजींना ऐकू कमी येत असल्याने त्या स्पीकर लावतात, आणि जिन्यातून जाताना पलीकडची हाक आम्हांलाही ऐकू येते, “अगं ए, जेवलीस का?”